‘ईद के पैले चाबी’ : घराच्या करारातली तारीख

आमच्या घराच्या बांधकामाचा करार अजून माझ्याकडे आहे. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणि मागे टाचलेली दोन पानं. सिमेंट कोणत्या ग्रेडचं, सळई किती एमएमची, गिलावा आतून किती जाडीचा आणि बाहेरून किती, रंगाचे हात किती, सगळं त्यात लिहिलंय. काम पूर्ण करून देण्याच्या रकान्यात मात्र दोनच शब्द आहेत, ‘लवकरात लवकर’.

सही करताना मी अडखळलो होतो. ठेकेदाराला म्हटलं, भाई, इथं एक तारीख टाकू. तो हसला. “ईद के पैले चाबी देतूं, इन्शाअल्लाह. लिखने का क्या उसमें?” शेजारी मामू बसले होते, ठेकेदार त्यांच्याच ओळखीचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू भर मजलिसीत कुणाच्या इमानावर शंका घेतली होती. मी पेन खाली ठेवलं, मग उचललं आणि सही केली.

ही गोष्ट जानेवारी २०१८ ची. अब्बा दौंडला रेल्वेत होते आणि ३१ मे २०१८ ला निवृत्त होणार होते. मी कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीला, म्हणून दोन गुंठे जागा कुरकुंभलाच घेतलेली. रमजान ईद जूनच्या मध्याला येत होती. अब्बांची निवृत्ती, क्वार्टर सोडणं, ईद आणि नवं घर, सगळं एका ओळीत बसत होतं. तारखेची गरज आम्हाला होती आणि ती कागदावर नसलेलीही आम्हालाच चालली.

रेल्वेचा नियम असा आहे की निवृत्तीनंतर क्वार्टर काही महिनेच ठेवता येतं, पुढे भाडं वाढत जातं. आणि क्वार्टर रिकामं करेपर्यंत ग्रॅच्युइटी रोखून धरली जाते. आमचा हिशोब असा होता की शेवटच्या टप्प्याचे पैसे ग्रॅच्युइटीतून द्यायचे. म्हणजे घर पूर्ण व्हायला ग्रॅच्युइटी हवी, ग्रॅच्युइटीला क्वार्टर सोडायला हवं आणि क्वार्टर सोडायला घर हवं. ईदला चावी मिळाली असती तर ही गाठ आपोआप सुटली असती. ईद झाली तेव्हा स्लॅबच्या वर फक्त विटांचे दोन थर दिसत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. स्लॅबपर्यंत आम्ही जवळपास सत्तर टक्के रक्कम देऊन बसलो होतो, कारण उचल मागितली की द्यायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो पैसा बारामतीच्या दुसऱ्या साइटवर फिरला. ऑक्टोबरपासून आमच्याकडचे पैसे संपले, काम चार महिने बंद. जानेवारीअखेर क्वार्टर सोडून आम्ही दौंडला भाड्याने राहिलो, महिना साडेसहा हजार, तिसरा मजला, अम्मीचे गुडघे दुखणारे. घरात राहायला गेलो ते २०१९ च्या बकरी ईदनंतर. चौदा महिने उशीर. मामू आणि ठेकेदार आता एकमेकांना सलामही करत नाहीत.

मी ठेकेदाराला बराच काळ लबाड म्हणत होतो. आता तितक्या खात्रीने म्हणत नाही. जिन्याची जागा आम्ही मध्येच बदलली. एक खिडकी बुजवून दुसरीकडे काढली. चार महिने पैसे दिले नाहीत. या प्रत्येक गोष्टीने काम किती दिवस पुढे गेलं ते कुणीच मोजलं नाही, कारण कशाच्या पुढे गेलं ते सांगणारी तारीखच नव्हती. भांडणात तो म्हणायचा, तुमच्यामुळे उशीर झाला. आम्ही म्हणायचो, तुझ्यामुळे. दोघंही थोडे खरे होते आणि ते सिद्ध करायची सोय दोघांकडेही नव्हती.

आपल्या समाजात करारावर तारीख टाकायला सांगणं म्हणजे अविश्वास, हा समज कुठून आला याचं मला अजूनही नवल वाटतं. कारण आपल्या दीनमध्ये याच्या अगदी उलट सांगितलंय. सूरे बकरातली २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय नमाज, रोजा किंवा जन्नत नाही. मुदतीचा व्यवहार कागदावर कसा उतरवायचा, हा आहे. लिहिणारा कसा असावा, मजकूर कुणी सांगावा, साक्षीदार किती, हे सगळं तिथं आलंय. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहून ठेवायचा कंटाळा करू नका, असं त्यात बजावलंय. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला तेवढी सूट आहे. घर बांधणं हा काही हातोहात सौदा नाही. आज उचल घेतली, माल सहा महिन्यांनी मिळणार. मुदतीचा व्यवहार याहून वेगळा काय असतो?

ही आयत मौलानांच्या बयानात मी कितीतरी वेळा ऐकलीय. ऐकून घरी आलेली माणसं दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा लाखांचं काम तोंडी ठरवतात.

‘इन्शाअल्लाह’चंही तसंच. सूरे कहफमध्ये सांगितलंय की उद्या अमुक करीन असं अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख केल्याशिवाय म्हणू नका. म्हणजे आधी ‘उद्या’ हवा, ‘करीन’ हवं आणि त्याला इन्शाअल्लाह जोडायचं. आपण उद्या काढून टाकला, करीन काढून टाकलं आणि नुसतं इन्शाअल्लाह ठेवलं. आमच्या ठेकेदाराला मी फोन करायचो तेव्हा पलीकडून एवढा एकच शब्द यायचा. मग मला तो शब्द ऐकला की धडकी भरायची, आणि अशी धडकी भरते याची शरमही वाटायची.

कारागिराला वस्तू बनवायला सांगून पुढे ताब्यात घ्यायची, या कराराला फिक्हमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. घराचं बांधकाम त्यातच येतं. गंमत म्हणजे या करारात तारीख टाकायची की नाही यावर आपल्या हनफी मसलकातच मतभेद होते. इमाम अबू हनीफा यांचं म्हणणं, मुदत ठरवली की तो इस्तिस्ना राहत नाही, ‘सलम’ होतो. आणि सलममध्ये पूर्ण किंमत आधीच मोजावी लागते. त्यांचे दोन शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांना हे पटलं नाही. चालरीतीने जी वस्तू बनवून घेतली जाते तिच्यात मुदत घालणं म्हणजे कारागिराला काम वेळेत करायला लावणं. त्याने कराराची जात बदलत नाही, असं ते म्हणाले. बाराशे वर्षांपूर्वी एवढा काथ्याकूट झाला तो याच तारखेवर. पुढे १९९२ मध्ये जेद्दाहला इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत ठरलं की इस्तिस्नामध्ये मुदत निश्चित असलीच पाहिजे, पैसे टप्प्याने देता येतात आणि उशीर झाल्यास भरपाईची अटही घालता येते. आवाक्याबाहेरच्या संकटाने उशीर झाला तर ती अट लागू नाही.

उशिराच्या भरपाईला काही जण लगेच ‘सूद’ म्हणतात. घेतलेलं कर्ज फेडायला उशीर झाला म्हणून जास्त पैसे घेणं वेगळं आणि काम करून देण्याचा शब्द मोडल्याची भरपाई वेगळी. अकादमीनेही हा फरक केलाय. सहीह बुखारीत काझी शुरैह यांचा एक निवाडा नोंदवलाय. एकाने उंट भाड्याने ठरवले आणि स्वतःच कबूल केलं की ठरल्या दिवशी निघालो नाही तर शंभर दिरहम देईन. तो निघाला नाही. शुरैह यांनी म्हटलं, ज्याने कुणाच्या जबरदस्तीशिवाय स्वतःवर अट घालून घेतली त्याला ती पाळावी लागेल. शब्द ‘जबरदस्तीशिवाय’ लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याकडे पुन्हा येतो.

आता देशाच्या कायद्याकडे. आमचं काम रखडलं तेव्हा पुण्यातला एक मित्र म्हणाला, महारेराकडे तक्रार कर. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून काम करतंय. बिल्डरने फ्लॅटचा ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर ग्राहकाला पैसे परत मागता येतात किंवा उशिराचं व्याज मागता येतं. बिल्डरने रेरात नोंदणी करताना पुढची तारीख दाखवली तरी ग्राहकाशी केलेल्या करारातली तारीख पुसली जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. चांगला कायदा आहे. पण तो विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकांचा आहे. स्वतःच्या दोन गुंठ्यांवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला तिथं दार नाही. दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती अशा तालुक्यांत बहुतेक लोक घर असंच बांधतात.

आपल्याला लागू होतो तो १८७२ चा करार कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे ग्राहक कायद्यात १९९३ पासून आहे, २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. त्यामुळे ठेकेदाराने काम रखडवलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथं पहिला प्रश्न विचारला जाणार, ठरलं काय होतं? ‘लवकरात लवकर’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. करारात वेळ दिलेलीच नसेल तर कायदा ‘वाजवी वेळ’ धरतो, आणि वाजवी किती हे ठरवायला वकील लागतात.

आणि नुसती तारीख टाकून भागत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात दिसतं. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणारा जलसेतू बांधायचा होता. (ही आळंदी नदी नाशिकची, माउलींच्या आळंदीशी तिचा संबंध नाही.) काम १९५५ च्या जुलैत सुरू करून बारा महिन्यांत संपवायचं होतं. संपलं नाही आणि सरकारने १९५६ मध्ये करारच रद्द केला. ठेकेदार कोर्टात गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्या करारात मुदतवाढीची सोय आहे आणि उशिराबद्दल दंडाचीही सोय आहे, त्यात वेळ हा कराराचा प्राण मानता येत नाही. तसा तो करायचा असेल तर आधी नोटीस देऊन पुढची वाजवी तारीख ठरवून द्यायला हवी होती. एकदम करार मोडणं चुकीचं. बारा महिन्यांच्या कामाचा वाद तेवीस वर्षं चालला.

हा निकाल मला पटतो. रखडलेलं काम अर्ध्यावर दुसऱ्याकडे द्यायला निघालेल्या माणसाने तर तो नक्की समजून घ्यावा. तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला हाकलता येत नाही. लेखी कळवायचं, नवी तारीख द्यायची, मग पुढचं. करार कायद्याच्या ५५ व्या कलमात आणखी एक खुबी आहे. जिथं वेळ हा कराराचा प्राण असतो, तिथंही उशिरा झालेलं काम तुम्ही गुपचूप स्वीकारलं आणि त्या वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचं कळवलं नाही, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. आम्ही चावी घेताना पेढे वाटले होते. कळवणं वगैरे कुणाच्या डोक्यात येणार?

पण कायद्याने ही गोष्ट सुटेल असं मला वाटत नाही. ती सुटते तारीख ठरवताना जे बोलणं होतं त्यात. आणि ते बोलणं आपण फार वाईट करतो.

आपण तारखेची घासाघीस भाजीसारखी करतो. ठेकेदार म्हणतो सहा महिने, आपण म्हणतो चार, तो म्हणतो बरं, साडेचार. आपल्याला वाटतं दीड महिना वाचवला. खरं तर त्याने काहीच दिलेलं नाही. ज्या तारखेवर त्याचा एक रुपयाही अवलंबून नाही ती तारीख तो दोन महिनेही सांगेल. काझी शुरैहांच्या निवाड्यातली जबरदस्तीशिवायची अट इथं आठवावी. दाबून घेतलेली तारीख ही तारीख नसते.

आणि कधीकधी ती पाळली जाते, हे जास्त वाईट. काँक्रीटला स्वतःचं वेळापत्रक आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान दहा. आमच्या भागातला एप्रिल याहून कोरडा नि गरम काय असणार. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांच्या आत काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा, मोठ्या बीमला एकवीस दिवस. मालकाने तारखेचा गळफास आवळला की मिस्त्री हेच दिवस खातो, कारण मजूर आणि माल यांचा वेळ त्याच्या हातात नसतो, सेंट्रिंग काढायचा वेळ असतो. सेंट्रिंगचं भाडंही दिवसावर चढत असतं. लवकर उघडलेला स्लॅब पहिल्या पावसात गळायला लागतो तेव्हा आपण सिमेंटच्या कंपनीला शिव्या देतो.

म्हणून तारीख कमी करून घेण्याऐवजी ती कशी काढली ते विचारावं. पाया आणि जोता किती दिवस, स्लॅब किती, वीटकाम किती, गिलावा, फरशी, फिटिंग, रंग किती. किती गवंडी, किती बिगारी धरलेत. उन्हाळ्यात बांधकामाला पाणी कुणी आणायचं, टँकरचे पैसे कुणाचे. परतीचा पाऊस आमच्याकडे मृगापेक्षा जास्त खोळंबा करतो, तो धरलाय का. उसाचा हंगाम, होळी, छटपूजा, रमजान यांत माणसं कमी होतात, ते धरलंय का. पाऊस दरवर्षी येतो, सण कॅलेंडरमध्ये छापलेले असतात. त्यांना सबब म्हणून नंतर पुढे करायला जागा ठेवू नये. रेरा कायद्यातसुद्धा आवाक्याबाहेरचं संकट म्हणून युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी नावं आहेत. नेहमीच्या पावसाचं नाव त्यात नाही.

आमच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांचे शटडाऊन असतात. वर्षातून एकदा प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायची. तासातासाचा तक्ता भिंतीवर लागतो. या वेळी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, या वेळी वेल्डर आत जाणार, या वेळी तपासणी. ठेकेदाराची माणसं कोण असतात? आसपासच्या गावांतलेच वेल्डर, फिटर, गवंडी, आमच्या मोहल्ल्यातलीही पोरं. तीच माणसं तिथं मिनिटाला मिनिट जुळवतात आणि आमच्या घरी आली की ‘बघू, होऊन जाईल’. माणसं तीच आहेत. तिथं वेळेवर न झाल्यास कुणाचं किती नुकसान होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, रोज संध्याकाळी कुणीतरी विचारणारं असतं, आणि आत जायचं परमिट किंवा सामान कंपनीने उशिरा दिलं तर तेही तक्त्यात लिहिलं जातं. शेवटची गोष्ट आपण घरमालक विसरतो. तारीख आपल्यालाही बांधते. नकाशा बदलला, टाइल्स उशिरा निवडल्या, हप्ता दहा दिवस लांबवला, की घड्याळ आपल्या नावावर चालतं.

मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हे आपण सगळे तोंडपाठ सांगतो. प्रत्यक्षात मिस्त्रीचा शेवटचा हप्ता अडवून ठेवणं हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार आहे. ‘एक नळ गळतोय’ म्हणून चाळीस हजार सहा महिने अडकवलेले मी पाहिलेत. आमच्या समाजात घर बांधणारे आहेत तसे सेंट्रिंग, फरशी, वेल्डिंग, रंगकाम करून पोट भरणारेही खूप आहेत. तोंडी करारात पहिले पैसे मालकाचे बुडतात आणि शेवटचे मिस्त्रीचे. कागदाची गरज दोघांना आहे.

सरकारी घरकुलाचं उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. ते एकदम हातात देत नाहीत. जोत्यापर्यंत काम आलं, फोटो काढला, पुढचा हप्ता. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण करायचं. त्या योजनेत रखडलेली घरं आहेतच आणि तिच्याबद्दल माझ्या तक्रारीही आहेत, पण काम किती झालं आणि पैसे किती गेले याचा मेळ तिथं राहतो. सव्वा लाखाच्या घरकुलाला जी शिस्त आहे ती आमच्या पंधरा लाखांच्या घराला नव्हती. ईदची एकच तारीख ठरवण्याऐवजी जोत्याची, स्लॅबची, गिलाव्याची अशा तारखा असत्या आणि पैसे त्यांच्याशी बांधलेले असते, तर मार्च महिन्यातच आम्हाला कळलं असतं की जूनमध्ये चावी मिळत नाही. अब्बांनी तेव्हाच भाड्याचं घर बघून क्वार्टर सोडलं असतं, ग्रॅच्युइटी हातात आली असती आणि ऑक्टोबरमध्ये काम बंद पडलं नसतं.

‘पूर्ण’ म्हणजे काय, हेही लिहावं. मिस्त्रीच्या लेखी शेवटचा रंगाचा हात झाला की घर पूर्ण. आपल्या लेखी नळाला पाणी, खोलीत दिवा, शौचालयाची टाकी जोडलेली आणि अंगणातला राडारोडा उचललेला. या दोन ‘पूर्ण’मध्ये आमच्याकडे सात आठवडे गेले.

उशिराची भरपाई किती धरायची? जेवढं भाडं आपल्याला भरावं लागेल तेवढीच. दिवसाला पाच हजार असा धाक घालणारे करार मी पाहिलेत. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, कोर्ट त्यातली वाजवी तेवढीच देतं. मिस्त्रीलाही ते कळतं, म्हणून तो असल्या कागदावर न वाचता सही करतो. लहान रक्कम असली की तो वाचतो, वाद घालतो. त्याने वाद घातला तर समजावं की तो तारीख पाळायच्या विचारात आहे.

हे शहाणपण मला आमच्या घरात नाही, आपाच्या घराच्या वेळी आलं. तिने २०२२ मध्ये कुरकुंभलाच आमच्या मागच्या गल्लीत घर काढलं. दिवाळीनंतर, १ नोव्हेंबरला काम सुरू आणि १५ जून २०२३ ला पूर्ण, असं ठरलं. मिस्त्री नवा होता, आमच्या ओळखीचा नाही. हे बरंच झालं. ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारताना जीभ जड होते. त्याने साडेसात महिने सांगितले तेव्हा भाऊजी नेहमीप्रमाणे म्हणाले, सहा करा. मिस्त्री म्हणाला, “रमजानमध्ये मी अर्धा दिवस काम करणार. माझे बिगारी होळीला गावी जाणार. स्लॅबचे टेकू मी एकवीस दिवस काढत नाही. सहा करायचे तर यातलं काय काढू?” भाऊजी गप्प बसले. मला तो माणूस तिथंच आवडला.

आठवड्याला पंधराशे रुपये कपात, आमच्याकडून हप्ता सात दिवसांपेक्षा लांबला तर तेवढे दिवस त्याला वाढवून, बदल सांगितला की त्याचे दिवस तीन दिवसांच्या आत व्हॉट्सअॅपवर लिहून एकमेकांची कबुली. दोन पानांत मावलं. मिस्त्रीने आतल्या खोलीच्या बिनगिलाव्याच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या, गिलावा आला की त्या दुसऱ्या भिंतीवर गेल्या.

चावी मिळाली २ जुलैला. सतरा दिवस उशीर. चहा ठेवून हिशोबाला बसलो. नऊ दिवस आपाचे होते, बारामतीहून आणलेल्या फरशा तिने परत करून दुसऱ्या आणल्या होत्या. पाच दिवस मिस्त्रीचे, त्याने ते स्वतःच सांगितले, प्लंबर दुसऱ्या साइटवर अडकला होता. राहिले तीन. ते पालखीचे. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला आणि रोटीच्या घाटाने उंडवडीकडे जाते तेव्हा सोलापूर रस्त्याची वाहतूक वळवतात, त्यात आमची वाळूची गाडी आली नव्हती. शिवाय त्याचे दोन बिगारी पालखीबरोबर बारामतीपर्यंत चालत गेले होते.

आपा म्हणाली, पालखी दरवर्षी येते, ती सबब नाही. मिस्त्री म्हणाला, “बरोबर. म्हणून तर मी पंधरा जून सांगितला. पालखी त्याच्या पुढे होती. तुमचे नऊ दिवस झाले नसते तर मी पालखीत सापडलोच नसतो.” आपा थांबली. मग म्हणाली, “तुमचे पाच धरले तरी सापडतच होता की.” मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं, बोटं मोजली आणि हसला. तीन दिवस अर्धे-अर्धे वाटून घेतले. त्याचे झाले साडेसहा. आठवडा भरायला अर्धा दिवस कमी, त्यामुळे कपात काहीच नाही. भाऊजींनी शेवटचा हप्ता तिथंच मोजून दिला.

उठताना मिस्त्रीने आपाकडून आमची कराराची दोन पानं मागून घेतली, फरशीवर पसरली आणि मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले. पाटसला एक काम चालू आहे म्हणाला, मालक तिथं हप्ता देताना फार टाळाटाळ करतो.